'शाल्मली'ची अकरा मिनिटं

गावसांनी पुस्तिका उघडली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसले आणि मग ती मिटून चहाच्या कपाशेजारी पालथी ठेवली.

"शनिवारी तूं वच," म्हणाले. "हांव येना."

माझ्या हातात कालथा, तव्यावर घावन. मला वाटलं थट्टा चाललीय. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पांढरा सदरा दोनदा इस्त्री करून झाला होता, पदकं चिंचेनं घासून झाली होती, वर्कशॉपातली रजा मंजूर होती, आणि आता म्हणे येत नाही. काय झालं म्हणून विचारलं तर उठून विहिरीवर गेले आणि नसलेलं काम काढून रहाट चाचपत बसले. घावन करपलं ते करपलंच.

गावस म्हणजे माझे यजमान, शंभू गावस. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही आणि नुसत्या 'अहो'नं गोष्ट पुढे सरकत नाही, म्हणून मी त्यांना गावस म्हणते, सगळा सर्वण गाव म्हणतो तसं. गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी ते नौदलात गेले. पंधरा वर्षं नोकरी केली आणि त्यातली आठ 'शाल्मली' नावाच्या गस्तनौकेच्या इंजिनखोलीत काढली. सत्त्याहत्तर साली सुटून घरी आले आणि आमोण्याला खनिजाच्या बार्जींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात लागले. आजही मांडवीत एखादी बार्ज खोकायला लागली, तर मालक आधी गावसांना बोलावतो, मग देवाला नारळ सांगतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर आणखी पुष्कळ आहे.

शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. गावसांच्या जिभेवर ते संस्कृत नाव कधी बसलं नाही, ते तिला 'सांवर'च म्हणायचे. मी तिला एकदाच पाहिली होती, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मुरगाव बंदरात. करडी, लांबट, पुढे एक तोफ आणि मागे वाळत घातलेले बनियन. युद्धनौका म्हणून मी केवढं तरी मोठं काही मनात धरून गेले होते, त्यामुळे तोंडातून निघून गेलं की एवढीच का. त्यावर दोन दिवस अबोला होता. नंतर समजूत घालताना त्यांनी मला सांगितलं की मोठी जहाजं लढाईची वाट बघत बसतात, सांवर रोज कामावर जाते. रत्नागिरीपासून कारवारपर्यंतचा किनारा तिच्या अंगावर. चोरटा माल आणणारे पडाव पकडायचे, बंद पडलेले ट्रॉलर ओढून आणायचे, वादळात सापडलेल्यांना उचलायचं. आणि या सगळ्याच्या शेवटी ते हमखास एक वाक्य म्हणायचे: आठ वर्षांत सांवरीचं इंजिन एकदासुद्धा आपणहून बंद पडलं नाही. हे वाक्य आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेलं आहे. माझ्या धाकट्या जावेनं तर ते बाळंतपणातसुद्धा ऐकलं.

वीस वर्षांच्या सेवेनंतर, सत्त्याऐंशीच्या एप्रिलात, 'शाल्मली' निवृत्त होणार असं पत्र आलं. जुन्या खलाशांना सहकुटुंब निमंत्रण होतं. आमच्या डिचोलीच्या माजी सैनिकांच्या मंडळानं ठरवलं की या नौकेवर आपल्या तालुक्याचे तीन जण होते, तेव्हा तिच्या सेवेचा इतिहास मराठीत छापून त्या दिवशी वाटायचा. मंडळाचे चिटणीस भिकाजी सावळ, सैन्यातले निवृत्त हवालदार, दोन पानांचा इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. बाई, तुमच्यासारखं मराठी पंचक्रोशीत कोणाचं नाही, म्हणाले. मी सर्वणच्या मराठी प्राथमिक शाळेत तेवीस वर्षं शिकवत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

शिवाय दिवस तसे होते. राजभाषेचा कायदा होऊन दोनच महिने झाले होते, गोव्याचं राज्य होणार अशी बोलवा होती, आणि बाजारात दोन माणसं भेटली की मराठी का कोंकणी यावरून घसरायची. मी मराठीची. शाळेत एखाद्यानं निबंधात 'उजो' लिहिलं की मी लाल शाईनं खोडून वर 'आग' लिहायची. गावस त्यावरून मला चिडवायचे, ही बाई घरात उजो पेटवते आणि शाळेत जाऊन आग लावते म्हणून. तेव्हा पुस्तिका कशी होते बघाच, अशा जिद्दीनं मी बसले. गावसांना मुद्दाम काही दाखवलं नाही. छापून आल्यावर त्यांनी वाचावं, असं मला वाटत होतं.

ती अशी वाचली त्यांनी.

ते विहिरीवर गेल्यावर मी ओल्या हातानंच तिसरं पान काढलं. त्यावर फेब्रुवारी त्र्याहत्तरची नोंद होती. 'केरीच्या समुद्रात मासेमारी नौकेस आग. दाट धुके. सकाळी ६ वाजून ४५ मिनिटांनी इंजिने थांबली. मदत पोहोचण्यास अकरा मिनिटे उशीर. चौघांचे प्राण वाचविण्यात यश. तांडेल पांडुरंग यांस जलसमाधी.' सगळे शब्द माझे, 'जलसमाधी'वर तर मी खूशच होते. मला त्यात काही खटकलं नाही. मनात म्हटलं, त्या होडीच्या म्होरक्याची, बुडालेल्या तांडेलाची आठवण आली असेल, संध्याकाळपर्यंत निवळतील.

संध्याकाळी निवळले नाहीत. वर्कशॉपातून आले, हातपाय धुतले आणि पायरीवर बसले. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, आता तोंड उघडल्याशिवाय जेवण नाही. तेव्हा ते अंगणाकडे बघत म्हणाले:

"म्हणजे नेव्ही चवदा वर्सां अशेंच समजता? सांवर बंद पडली म्हूण?"

मी आत गेले आणि ट्रंकेतून तो इंग्रजी कागद काढला. त्यात दोनच शब्द होते, 'एंजिन्स स्टॉप्ड'. इंग्रजीला काय, तेवढ्यात भागतं. आपणहून थांबली की कुणी थांबवली, ते सांगायची तिला गरज पडत नाही. मराठीत मात्र लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. ज्या माणसाच्या हाताखाली ती इंजिनं होती, तो माणूस पलीकडच्या खोलीत रेडिओवर बातम्या ऐकत होता आणि मी इकडे 'थांबली' लिहून मोकळी झाले होते. 'थांबवली'तल्या गाळलेल्या एका 'व'नं मी माझ्या नवऱ्याच्या आठ वर्षांवर पाणी ओतलं होतं.

खरं सांगते, क्षणभर वाटलं की गप्प बसावं. नौदलाचाच कागद तसा होता म्हणावं, त्यांना इंग्रजी जेमतेम, कोण बघायला येतंय. माझी तेवीस वर्षांची मास्तरकी पणाला होती. पण पायरीवर बसलेल्या त्या पाठीकडे पाहिलं आणि लाज वाटली. मी कागद घेऊन बाहेर आले, सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणाले.

गावसांनी कागद हातात घेऊन त्या दोन शब्दांवर अंगठा ठेवला.

"म्हणजे नेव्हीन तशें म्हणूंक ना?"

मी नाही म्हटलं. नेव्हीनं फक्त इंजिनं थांबल्याचं लिहिलंय, ती बंद पाडली मी. त्यावर ते जे हसू लागले ते थांबेचनात. वीस वर्षांत जे समुद्राला जमलं नाही ते बायकोनं करून दाखवलं, म्हणाले. मी रडत होते आणि तेही मधूनच डोळे पुसत होते. मग एकदम उठले, सायकल काढली आणि भिकाजींच्या घरी जाऊन तीनशेच्या तीनशे प्रती पोत्यात घालून घेऊन आले.

नव्यानं छापायला सवड नव्हती. रविवारी सकाळी आम्ही ओसरीवर चटई घातली. मी सांगितलं, 'ब'च्या आणि 'ली'च्या मध्ये खाली काकपद द्यायचं आणि वर 'व' लिहायचा, मी भराभर करून टाकते. गावसांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. 'व' आपणच लिहिणार म्हणाले. मी पान उघडून पुढे सरकवायची, त्यांनी लिहायचं आणि मी टिपकागद दाबायचा. त्यांची बोटं पान्याची सवय असलेली, पहिले दहाबारा 'व' फुगलेले आणि वाकडे आले. नंतर हात बसला. मी एकदोनदा सुधारायला गेले तर म्हणाले, बाई, हें तुझें शाळेचें बुक न्हय.

शंभरएक प्रती झाल्या असतील. मला मास्तरकीची खोड, वाक्य नीट लागल्याशिवाय चैन पडत नाही. मी वाचून बघितलं. 'इंजिने थांबवली. मदत पोहोचण्यास अकरा मिनिटे उशीर.' म्हटलं, आता इंजिनाचा दोष गेला, पण मग अकरा मिनिटं गेली कुठे?

गावसांचं पेन तिथंच राहिलं. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते चौदा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. सांवरीच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, पण केरीची गोष्ट 'चौघांना वाचवलं' इथं संपायची.

त्या दिवशी धुकं असं होतं की तोफेचं टोक दिसत नव्हतं. दूर कुणाचा तरी आवाज आला. धुक्यात आवाज ऐकायचा तर इंजिन बंद करावं लागतं, म्हणून वरून हुकूम आला आणि गावसांनी इंजिनं थांबवली. इंजिनखोलीच्या झाकणातून डोकं वर काढलं. सगळं चिडीचूप, आणि त्या धुक्यातून एकच घोगरा आवाज येत होता: उजो, वेगीं. उजो, वेगीं. आग लागलीय, लवकर या. गावसांना तो आपल्या अंगणात कुणी बोलावं इतका स्पष्ट कळला. वरती, नौका चालवायच्या जागी, एक अधिकारी होता, साताऱ्याकडचा. त्यानंही ऐकलं. त्याला ऐकू आलं, नंतर त्यानंच सांगितलं तसं, 'उजवे, उजवे'. त्याला वाटलं, कोळी आपल्याला उजवीकडून या म्हणताहेत, मध्ये जाळी असतील. त्यानं नौका उजवीकडे वळवली आणि इंजिनखोलीत हुकूम दिला, अगदी सावकाश चला.

"सावकाश," गावस म्हणाले. "उजो लागला थंय आनी सावकाश."

झाकण लावून ते खाली गेले होते. खालून दिशा कळत नाही, कळतो तो वेग. हुकूम 'सावकाश'चा आहे हे त्यांना खटकलं. आग म्हटल्यावर कुणी सावकाश जात नाही. पण हा आवाज वरच्यांना कळला नसेल, असं त्यांच्या मनातच येईना. इतका सरळ शब्द, तो न कळण्यासारखा आहे का? आणि खालच्या माणसानं वरच्याला हुकुमाचं कारण विचारायचं नसतं. वर बोलायची पितळी नळी हाताशी होती. एकदा तोंड नेलं, परत आणलं. दुसऱ्यांदा नेलं, परत आणलं. शेवटी न राहवून विचारलं, साहेब, थंय आग लागली म्हणून ओरडतात, आपण सावकाश का? वरून 'पूर्ण वेग' असा हुकूम आला, आणि नौका इतकी जोरात वळली की गावस भिंतीवर आपटले. तोवर अकरा मिनिटं झाली होती.

चौघं पाण्यात फळीला धरून होते. त्यांनी सांगितलं की ते चौघं पाणी मारत होते आणि हाका मारायचं काम तांडेल एकटा करत होता. सगळ्यांना उड्या मारायला लावून तो शेवटी राहिला. डिझेलचं पिंप फुटलं तेव्हा तो नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा होता.

मी म्हटलं, पण तुम्ही बोललात म्हणून तर चौघं वाचले. हे पुस्तिकेत यायला हवं होतं. गावसांनी मान हलवली.

"इंजिन थांबूंक ना गो. थांबलों तो हांव."

मला आधी राग आला, चौदा वर्षं शेजारी झोपून हा माणूस हे एकटाच उरात घेऊन होता म्हणून. मग त्या वाक्याचाच अर्थ मला लागला. आठ वर्षांत इंजिन एकदाही बंद पडलं नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना का सांगत सुटायचे तेही कळलं. मी पुढची प्रत उघडून समोर सरकवली. दुपारी दोनपर्यंत तीनशेही 'व' लिहून झाले.

शनिवारी आम्ही गेलो. मांडवीचा पूल पडल्यापासून बेतीला फेरीबोटीची ही रांग, त्यात इस्त्रीच्या सदऱ्याची वाट लागली, तरी गावस ताठ होते. मुरगाव बंदरात 'शाल्मली' रंगवून उभी होती. जुनी माणसं एकमेकांना ओळखत होती, पोटांवर हात मारत होती. मी तिला दुसऱ्यांदा पाहत होते आणि या खेपेला तोंड सांभाळलं. एवढ्याशा नौकेत ते खाली जायचं भोक बघितलं, त्यातून गावस आठ वर्षं वर-खाली करत होते.

तो साताऱ्याकडचा अधिकारीही आला होता. आता निवृत्त, केस पांढरे, हातात काठी. भिकाजींनी त्यांना पुस्तिका दिली. ते उभ्या उभ्या चाळत होते, तिसऱ्या पानावर आले आणि शाईचा 'व' बघून विचारलं, हे कुणी सुधारलं? गावस पुढे झाले. साहेबांनी त्यांना ओळखलं. मला वाटलं आता मिठी वगैरे मारतील, पण गावसांनी त्यांना ते सांगितलं. आपल्याला शब्द कळला होता, नळी हाताशी होती, तरी आपण थांबलो, असं सगळं.

साहेब म्हणाले, "गावस, मी पंजाबी असतो ना, तर शेजारच्याला विचारलं असतं काय म्हणतात म्हणून. मला वाटलं, मराठीच आहे. मला कळलं."

माझी मान खाली गेली. मीसुद्धा तेच केलं होतं, घरात बसून, पंख्याखाली.

साहेबांनी आणखी एक सांगितलं. चार वर्षांमागे ते तांडेलच्या बायकोला भेटायला म्हणून पुण्याहून निघाले होते. शिवोलीच्या फेरीपर्यंत आले, दोन फेऱ्या डोळ्यांदेखत सोडल्या आणि परत फिरले. जमलं नाही, एवढंच म्हणाले. सूर्य मावळताना नौकेवरचा झेंडा उतरवला, सगळे सावधान उभे होते, आणि गावसांचा सलाम बाकीच्यांचे हात खाली आले तरी खाली आला नाही. मग मीच कोपर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर गावस तयार. तोच सदरा. विचारलं कुठे, तर म्हणाले पेडण्याला, केरीला. मी विचारलं, साहेबांना नाही जमलं ते तुम्हाला जमेल? ते म्हणाले, साहेब लांबचे, आपण तर ह्याच अंगणातले. मी चपला घातल्या.

म्हापसा, शिवोली, फेरी, पुन्हा बस. केरीला उतरून तांडेल पांडुरंगाचं घर विचारलं तर कुणालाही माहीत होतं. माडांच्या बागेत खोप, पुढे शेणानं सारवलेलं खळं, त्यात वाळत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि कावळे हाकत बसलेली एक म्हातारी. हीच ती, जानकी. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं आत जाऊन गूळपाणी आणलं. गावसांनी गूळ हातात धरला, खाल्ला नाही.

"वयनी," ते म्हणाले, "बोटीचें इंजिन बंद पडूंक नासलें. अकरा मिनटां माझ्या पायीं गेलीं."

आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. 'उजवे'चंही सांगितलं, पण साहेबांवर ढकललं नाही. मी बाजूला कठड्याला धरून उभी होते. माझ्या मनात येत होतं, ही आता शिव्या देईल. दिल्या तर द्याव्यात, मी मध्ये पडणार नाही. किंवा जाऊ दे बाबा म्हणेल, आणि ते मला नको होतं, कारण तेवढ्यानं गावसांचं काही हललं नसतं.

म्हातारी ऐकत होती. मधल्या मध्ये एका कावळ्यानं सुंगट उचललं तरी तिचं लक्ष गेलं नाही. शेवटी तिनं विचारलं:

"म्हणजे तूवें तेचो आवाज आयकलो?"

गावसांनी होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली की त्या चौघांतले दोघे वारले, दोघे रत्नागिरीला निघून गेले. सगळ्यांनी तिला सांगितलं ते एवढंच, की तांडेल बुडाला. शेवटचं काय बोलला, कसं बोलला, ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. गावस हळूच म्हणाले, उजो, वेगीं, असं म्हणत होता. घसा बसला होता.

"असो पुटपुटलो मगे?" ती म्हणाली. "तेणें मारली तशी हांक मार. माका आयकूंची आसा."

गावसांनी माझ्याकडे बघितलं. दुपारचे बारा वाजायला आले होते, चहूकडे शांत, लोक जेवायच्या तयारीत. मी काय सांगणार होते? ज्या शब्दावर मी तेवीस वर्षं लाल रेघ मारली तो शब्द होता. मी म्हटलं, मारा.

त्यांनी गूळ खिशात टाकला, खळ्याच्या मधोमध गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीच्या देठापासून ओरडले, "उजोऽ... वेगीं... उजोऽ..." आवाज घोगरा निघाला, त्यांचा नेहमीचा नव्हता. एकदा ओरडून थांबले नाहीत. दोनदा, तीनदा, चारदा, डोळे मिटून, मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओरडत राहिले. म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि प्रत्येक हाकेला मान हलवत होती, होय, असाच, असाच.

चौथी हाक पुरी व्हायच्या आत माडांतून माणसं धावत आली. शेजारच्या बाया भरलेल्या कळशा घेऊन, एक जण ओलं गोणपाट खांद्यावर टाकून, एक म्हातारा तोंडातला घास तसाच, हातात घागर. पाचसात जणी तर विहिरीकडून रांगच लावायला लागल्या. कुठे, कुठे करत सगळे खळ्यात शिरले आणि खोपीच्या छपराकडे बघू लागले. छपरावर काहीच नव्हतं. गावस मध्येच उभे, घामानं भिजलेले, हात अजून तोंडाशी. जमलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि जानकीकडे बघत होती.

जानकीनं पदर तोंडावरून काढला.

"कांय ना गो," ती म्हणाली. "आमच्या तांडेलान हांक मारली."

गोणपाटवाल्यानं गोणपाट खाली ठेवलं. मग बायांनी एकेकीनं पुढे होऊन आपली कळशी माडाच्या आळ्यात रिकामी केली.